मधलं नाव

चि. वैजयंती हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्याकडून परत येऊन पंधरा दिवस झाले, पण सॅन फ्रान्सिस्कोतली ती फोल्सम स्ट्रीटवरची बाग डोळ्यांपुढून हलत नाही. कुणा पोहणारीचं नाव दिलंय, असं तू म्हणाली होतीस. पोहणारी नव्हे गं, सूर मारणारी. घरी आल्यावर मिळेल ते वाचून काढलं.

व्हिक्टोरिया मनालो. वडील फिलिपिनो, आई इंग्लंडची. लहानपणी पाण्याला घाबरायची. सोळाव्या वर्षी सूर मारायला शिकायला गेली, तर क्लबात फिलिपिनो आडनावाला जागा नाही. मग आईचं माहेरचं आडनाव लावून ती व्हिकी टेलर झाली, तेव्हा कुठे तलावाशी पोचली. पाणी तेच, मुलगीही तीच!

पुढे प्रशिक्षक लाइल ड्रेव्हज यांच्याशी लग्न झालं. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ३ ऑगस्टला तिनं स्प्रिंगबोर्डचं, म्हणजे उसळत्या फळीवरून सूर मारण्याचं, सुवर्णपदक घेतलं. तिचे गुण १०८.७४, दुसरीचे १०८.२३. तीन दिवसांनी दहा मीटरवरूनही सुवर्ण. एकाच ऑलिंपिकमध्ये ही दोन्ही सुवर्णपदकं मिळवणारी ती पहिली बाई. दहा मीटर म्हणजे आपली तीन मजली गच्ची बघ. पाण्याला टेकेपर्यंत ताशी पन्नास किलोमीटरचा वेग येतो, आणि तिथे हात जुळवून सरळ शिरायचं.

तुझ्या ऑफिसातल्या टेबलावरची 'व्हिया' ही पाटी मी पाहिली होती. त्यांना सोपं जातं, म्हणालीस. मी गप्प राहिले. माझ्या लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि तुझ्या बाबांनी अंगठीनं त्यात 'वसुधा' लिहिलं. सगळे हसत होते, मीही. ते नाव मी आनंदानं वापरलं. पण आक्का गेल्यापासून मला 'कुसुम' म्हणून हाक मारणारं कुणी उरलेलं नाही, हे त्या बागेत उभी असताना पहिल्यांदा जाणवलं.

बाग २००६ साली झाली. तेव्हा व्हिक्टोरिया हयात होती, एक्याऐंशी वर्षांची. बागेच्या नावात टेलर कुठेच नाही. व्हिक्टोरिया मनालो ड्रेव्हज. लपवायला लावलेलं नाव मधोमध आहे.

पाटी बदल, असं मी म्हणणार नाही. नोकरी तुझी, माणसंही तुझी. पण त्यांना एकदा वैजयंती म्हणायला शिकव. चारच अक्षरं आहेत.

तुझी,
आई