एसीच्या आउटडोअर युनिटला हक्काची जागा हवी

महोदय,

अनेक नव्या इमारतींत एसीची आउटडोअर युनिट अरुंद डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतील उभ्या पोकळीत, समोरासमोर बसवली जातात. त्यामुळे एकाने बाहेर टाकलेली गरम हवा दुसरे आत ओढते, कॉम्प्रेसरवरचा ताण वाढतो आणि वीजबिलही. युनिटच्या मागे किमान वीतभर अंतर आणि पंख्यासमोर मोकळी हवा असलीच पाहिजे. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत युनिटला आधार देणारे साधे लोखंडी ब्रॅकेट बोल्टच्या भोकापाशी लवकर गंजते, म्हणून तेथे स्टेनलेस स्टीलचा आग्रह धरावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दुरुस्तीसाठी येणाऱ्या कारागिराला उभे राहण्यासाठी कठड्यासह पक्की जागा हवी. त्याने खिडकीबाहेर लोंबकळून जीव धोक्यात घालावा, हे मला अत्यंत अन्यायकारक वाटते. ही जागा बांधकाम नकाशातच दाखवणे बिल्डरांवर बंधनकारक करावे.

– एक वाचक, ठाणे