सूचना : ९ मे, कर्मवीर अण्णांची पुण्यतिथी

सर्व सभासदांना नमस्कार.

९ मे रोजी सकाळी ८ वाजता साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या समाधीपाशी जमायचे आहे. हारतुरे आणू नयेत. तेवढ्या पैशांच्या वह्या आणाव्यात, त्या वसतिगृहातल्या मुलांना देऊ.

अण्णांनी १९१९ साली काले इथे रयत शिक्षण संस्था काढली, हे सगळ्यांना पाठ आहे. तेवढेच पुन्हा सांगणारी भाषणे यंदा नकोत! त्याआधी हाच माणूस किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरला, त्याबद्दल बोला. १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू झाले. सगळ्या जातींची पोरे एका पंगतीला बसायची, भाकऱ्याही स्वतःच थापायची. धान्य संपले तेव्हा अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, म्हणजे वहिनींनी, दागिने तर दिलेच, शेवटी मंगळसूत्रही मोडले. वहिनींचे नाव कार्यक्रमात नेहमी शेवटी उरकले जाते. यंदा सुरुवात त्यांच्यापासून करू.

ज्यांचे वडील किंवा आजोबा त्या बोर्डिंगात शिकले, त्यांनी जुने फोटो आणावेत. बोलायला प्रत्येकी पाच मिनिटे. नंतर पिठलं-भाकरी आहे. येणाऱ्यांचा आकडा ५ मेपर्यंत कळवावा. ताट-वाटी घरून आणावी, आपली आपणच धुवायची.