रिठे फोडायचे कोणी?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या पंधरवड्यात आपल्या महिला पुरवणीत नैसर्गिक संसारासाठी आईने घरात आणाव्यात अशा वस्तूंची यादी आली होती. बांबूचा ब्रश, रिठ्याचे द्रव, सेंद्रिय सुताचे लंगोट, तांब्याची बाटली, बिडाचा तवा असे बरेच काही. मी ती कापून शिलाई मशीनच्या खणात ठेवली आणि दुपारी गिऱ्हाईक नव्हते तेव्हा किमतींची बेरीज केली. सात हजार चारशे झाले. यातल्या निम्म्याहून जास्त वस्तू माझ्या घरात आहेत, काही तर माझ्या लग्नाआधीपासूनच्या. त्यांचे बरे-वाईट अनुभवही आहेत. यादीत प्रत्येक वस्तूपुढे किंमत होती, पण पाणी किती लागते आणि ते काम घरात कोण करते, हे कुठेच नव्हते. म्हणून लिहायला बसले.

मी अमळनेर तालुक्यात, तापीच्या बाजूच्या एका खेड्यात राहते. घरी ब्लाउज-परकर शिवते. यांचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. मुलगी नववीत, मुलगा तीन वर्षांचा, आणि सासूबाई.

आधी लंगोटांचे सांगते, कारण कापड हा माझा धंदा आहे. मुलीच्या वेळी मी पाकिटातले डायपर वापरले. उन्हाळ्यात तिच्या जांघेत लाल चट्टे उठले ते पावसाळ्यापर्यंत जाईनात. मुलाच्या वेळी सासूबाईंनी ट्रंकेतून आपले जुने नऊवारी लुगडे काढून माझ्यापुढे टाकले. लुगडे जितके विरलेले तितके ते पाणी जास्त शोषते. नव्या कापडाला खळ असते, ती तीन-चार धुण्यांनंतर जाते. मी चार पदरी घडी केली, मध्ये यांच्या जुन्या बनियनचा पट्टा घातला आणि टीप फक्त कडेने मारली. मधोमध टीप मारली की बाळाला टोचते आणि लंगोट वाळतही नाही लवकर. एका लुगड्यात अठरा झाले.

जुने लुगडे नसेल आणि बाजारातून कापड आणायचे असेल, तर दुकानदाराच्या 'प्युअर कॉटन'वर जाऊ नका. कडेचा एक धागा ओढा आणि काडीने पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचाच येतो आणि राख बोटांत भुगा होते. त्यात पॉलिस्टर असेल तर धागा वितळून टोकाला कडक मणी धरतो. मी हे दुकानातच करते. एका दुकानदाराने मला त्यानंतर काडेपेटी घेऊन येऊ नका म्हणून सांगितले आहे.

आता पाणी. तान्ह्या बाळाचे दिवसाला बारा-पंधरा लंगोट होतात. ते आधी खळबळायचे, मग धुवायचे, मग पुन्हा दोन पाण्यांतून काढायचे. आमच्या भागात मे महिन्यात नळ कधी चौथ्या तर कधी पाचव्या दिवशी येतो. पिंप भरून ठेवलेल्या पाण्यातून लंगोट धुवायचे की प्यायला ठेवायचे, हा हिशेब मी रोज केला आहे. त्या महिन्यात मी गपचूप पाकिटातले डायपर आणले आणि मला त्याची लाज वाटत नाही. वापरलेला डायपर कागदात गुंडाळून वेगळा ठेवायचा, ओल्या कचऱ्यात टाकायचा नाही, एवढे पाळले. खानदेशच्या उन्हाचा मात्र एक उपकार आहे. त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या उन्हात दोरीवर टाकलेला लंगोट अर्ध्या तासात पापडासारखा होतो, आणि त्या उन्हात वाळलेल्या कापडाने मुलाला एकदाही पुरळ आले नाही.

रिठ्याचे प्रकरण लांबलेले आहे. मुलगा सहा महिन्यांचा असताना मी मोबाईलवरून रिठा-शिकेकाईच्या धुण्याच्या द्रवाची बाटली मागवली. हिरवी बाटली, वर पानाचे चित्र. सासूबाईंनी किंमत विचारली आणि कपाळाला हात लावला. "इतला पैसा कसाले दिनात वं? घरमा रिठा शेतस ना." म्हणजे, एवढे पैसे कशाला दिले, घरात रिठे आहेत ना. फेस एवढा झाला की चार पाणी घालूनही जाईना. तेव्हा मला शंका आली. रिठ्याचा फेस येतो खरा, पण तो हलका असतो आणि बसतोही लवकर. चष्मा लावून बाटलीमागची बारीक अक्षरे वाचली तर दुसऱ्याच नंबरावर सोडियम लॉरिल सल्फेट, म्हणजे शाम्पू-पावडरीत असते ते फेसाचे रसायन. बाटलीवरच्या नंबरला फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, पण त्यात रिठाही आहे."

साबणाशी माझे काही वैर नाही. आज संगणकाच्या कामासाठी जगभर माहीत असलेली विप्रो १९४५ साली आमच्या अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झाली, आणि तिथे धुण्याचा साबणही निघायचा. तेव्हा साबण आमच्याकडे काही परका नाही. साबण घ्यायचा तर साबण म्हणून घ्यावा, त्याला पानाचे चित्र कशाला?

तर रिठे. आठवडे बाजारातून वाळलेले आणायचे, सुरकुतलेले आणि चिकट. फळ फोडून आतली काळी बी काढायची, ती कामाची नाही. सालींना दोन दिवस ऊन द्यायचे. रात्री दहा-बारा साली तांब्याभर कोमट पाण्यात भिजत घालायच्या, सकाळी उकळायच्या, निवल्यावर हाताने चोळून फडक्यातून गाळायच्या. बोअरच्या खारट पाण्यात साबणाची साय धरते आणि कपड्याला पांढरा थर बसतो. रिठ्याचे तसे होत नाही, हे मी दोन बादल्या शेजारी ठेवून पाहिले आहे. लंगोट, रेशमी ब्लाउज, स्वेटर, सासूबाईंची शाल, सगळे त्यातच. यांच्या दुकानातल्या वंगणाच्या कपड्यांना मात्र रिठा हात टेकतो. त्याला आपली नेहमीची पावडरच. आणि हे पाणी टिकत नाही, उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी आंबते.

म्हणजे आठवड्यातून दोनदा हे सगळे करायचे. भाकरी, मुलीचा डबा, गिऱ्हाइकांचे ब्लाउज सांभाळून. वर्षभर मी केले. मग एका रविवारी हातोडी यांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हटले, "तुम्ही मोटारी उघडता, रिठे फोडायला जमेल तुम्हाला." पहिल्या दिवशी अंगठ्यावर हातोडी बसली. आता महिन्याचे रिठे एका बैठकीत फोडून ठेवतात, समोर क्रिकेट लावून.

शिकेकाईचे थोडक्यात. शेंगा, आवळकाठी, नागरमोथा, कपूरकाचरी एकत्र दळून आणावी म्हटले तर गिरणीवाले भाऊ घेत नाहीत, पुढच्याच्या पिठाला वास लागतो म्हणून. घरी खलबत्त्यात कुटली तर अख्खे घर शिंकते. नाकाला फडके बांधून ओट्याऐवजी अंगणात कुटायची, दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

धान्याचा विषय यादीत नव्हता, पण मुलांच्या पोटात सगळ्यात जास्त तेच जाते. आम्ही दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, आणि गहू वर्षाचे भरतो. गव्हाला एरंडेल चोळायचे, क्विंटलला अर्धा लिटर आम्हाला पुरते. दादरीच्या कोठीत सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला. एरंडेलाने हात दोन दिवस चिकट राहतात आणि गहू दळायच्या आधी पुसून घ्यावा लागतो. हा त्रास वाचावा म्हणून एका वर्षी मी 'आयुर्वेदिक' लिहिलेल्या पाऱ्याच्या गोळ्या कापडात बांधून कोठीत टाकल्या होत्या. मुलीच्या विज्ञानाच्या बाईंनी सांगितल्यावर काढल्या. पारा तो पाराच, त्याच्यावर आयुर्वेद लिहिल्याने तो कमी विषारी होत नाही. धान्यात टाकायच्या दुसऱ्या त्या करड्या गोळ्या, ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या, ज्या हवेतल्या ओलीने वायू सोडतात, त्यांनी तर झोपेत माणसे गेली आहेत. माणसे झोपतात त्या घरात त्या कोणी ठेवूच नयेत.

जुने ते सगळे चांगले, असेही मला म्हणायचे नाही. सासूबाईंशी माझे दोनच गोष्टींवरून वाजले. पहिली काजळ. मुलाच्या डोळ्यांत मी घालू दिले नाही. बाजारच्या सुरम्यात शिसे सापडते आणि घरचे बोटाने घातले तरी डोळा चिकटतोच. शेवटी तीट लावायची ती तळपायाला, यावर समेट झाला. दृष्ट लागायची ती पायाला बघून परत जाईल, असे सासूबाईच म्हणाल्या.

दुसरी गुटी. वेखंड, मुरुडशेंग, हिरडा, हळकुंड, जायफळ, सगळे सहाणेवर उगाळून. डॉक्टर म्हणाले, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, आणि मध तर वर्ष होईपर्यंत नकोच. जायफळाचे तर मला स्वतःला कळले होते. दोन वळसे जास्त उगाळले की बाळ गाढ झोपते आणि आपल्याला वाटते गुटीचा गुण आला. ती सहाण मी फेकली नाही. चंदन उगाळायला आहे.

आता ज्यासाठी खरे लिहायला बसले ते. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात आमच्याकडे गोडंबी लागतेच. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर. तोच बिब्बा, ज्याच्या रसाने पूर्वी परीट कपड्यांवर खुणा करायचे आणि जो अंगावर उतला की फोड येतात. मुलाच्या वेळी सातव्या महिन्यात मी बाजारात गेले. डोंगराकडून येणारी एक बाई फडक्यावर गोडंबीचा छोटा ढीग घेऊन बसली होती. भाव ऐकून मी नेहमीसारखी घासाघीस सुरू केली, वीस रुपये कमी करा म्हणून. ती तराजू उचलायला पुढे झाली तेव्हा तिचे हात दिसले. बोटे काळी, नखांच्या कडा जळाल्यासारख्या, मनगटाच्या वर पांढरट गुलाबी डाग, जुन्या भाजल्याचे असतात तसे.

मी विचारले, मावशी, हे काय झाले? तिने विशेष काही नाही अशा सुरात सांगितले. बिब्बे वाळवायचे, एकेक दगडावर ठेवायचा, वरून दुसऱ्या दगडाने मारायचा. टरफलातले तेल उडते. बसायच्या आधी हाताला तेल आणि राख फासायची, तरी कुठेतरी थेंब पडतोच. "डोळ्यात नको जायला, बस." लहान पोरांना ती त्या वेळी घरात ठेवत नाही, शेजारी पाठवते. किलोभर गर निघायला किती दिवस जातात, तेही मी विचारले. तिने हाताने हवेत काहीतरी मोजले आणि म्हणाली, "पोरं सोबत बसली तर लवकर होते." म्हणजे सगळीच पोरे शेजारी जात नव्हती.

मी वीस रुपयांचा विषय सोडला. गोडंबी घेतली, घरी आणली, लाडू केले, खाल्लेही. खोटे कशाला बोलू? पण पुरवणीतल्या यादीत तळाशी 'पारंपरिक सुकामेवा, हाताने फोडलेला' असे लिहून पाकिटाचे चित्र दिले होते, ते वाचून मला तिचे मनगट दिसले. हाताने फोडलेला म्हणजे कोणाच्या हाताने, आणि त्या हाताचे काय झाले, ते पाकिटावर कोणी छापत नाही.

आता घरात लाडवात गोडंबी निम्मी घालते, बाकी शेंगदाणे आणि तीळ. सासूबाईंना चवीतला फरक कळला. कारण सांगितल्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या खेपेला बाजारात जाताना रबरी हातमोज्यांचा एक जोड पिशवीत टाकून दिला. मी तो त्या मावशींना दिला. त्यांनी घालून पाहिला, बोटे हलवली आणि हसून परत काढला. त्यात बिब्बा धरता येत नाही, निसटतो म्हणाल्या. जाड सुती कापडाचे, बोटांना वेगळे शिवलेले आणि वरून मेण लावलेले चालतील का, ते मी सध्या शिवून बघते आहे. पहिल्या जोडात अंगठा फार मोठा झाला. दुसरा या बाजाराला नेणार आहे.

आपल्या पुरवणीत पुन्हा अशी यादी करणार असाल, तर एवढी विनंती की एखाद्या वस्तूपुढे दुकानाच्या नावाऐवजी बाजाराचा वार छापा. आमचा सोमवारी भरतो.

आपली,
शिवणकाम करणारी एक आई,
तालुका अमळनेर, जिल्हा जळगाव

ता. क. रिठ्याचे पाणी मुलांच्या डोळ्यांत गेले तर फार झोंबते, लगेच साध्या पाण्याने धुवा. आणि उरलेले पाणी विहिरीत किंवा मासे असलेल्या डबक्यात ओतू नका, मासे मरतात. आमच्या मुलीने शाळेच्या हौदावर हे करून पाहिले आहे आणि त्याबद्दल मला शाळेत जाऊन माफी मागावी लागली आहे.