विषय : लहान मुलांच्या इअरप्लगबाबत चौथी तक्रार

व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,

अर्ध्या तासापूर्वी तुमच्या माणसाने माझा फोन ठेवला आणि लगेच मेसेज आला, ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे.’ काहीही सुटलेले नाही. म्हणून हे पत्र.

३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठीची, डोक्याच्या पट्ट्यासह मिळणारी तुमची जोडी मी ८९९ रुपयांना मागवली. माझ्या सव्वाचार वर्षांच्या मुलीच्या दोन्ही कानांच्या पडद्यांत ग्रोमेट, म्हणजे बारीक नळ्या, बसवल्या आहेत. अंघोळीच्या वेळी कानात पाणी जाऊ द्यायचे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. ग्रोमेटबद्दल तुम्हाला मी काय सांगावे? तुमच्या डब्यावरच त्याचे नाव छापले आहे. डाव्या बुचाच्या टोकावर साच्याची कड तशीच राहिली आहे. डोळ्याला दिसत नाही, नख फिरवले की लागते. मी नख फिरवले ते पोरगी किंचाळल्यावर.

त्याआधीचे नऊ दिवस तुम्हाला कळले पाहिजेत. ऑपरेशनहून आल्यावर ती कानाजवळ कोणाचा हात येऊ देत नव्हती. पहिल्या दिवशी थेंब टाकले ते फक्त तिच्या कापडी बाहुलीच्या कानात. मग माझ्या कानाशी रिकामी बाटली धरून तिनेच खेळ खेळला. थंड थेंबांनी चक्कर येते, म्हणून बाटली मुठीत धरून गरम करायचे काम तिला दिले. मांडीवर कुशीवर झोपवायचे, थेंब टाकायचे, कानाच्या भोकापुढचा उंचवटा हलकेच दाबायचा, मग गोष्ट संपेपर्यंत उठायचे नाही. झाले की कॅलेंडरवर एक टिकली. सासूबाई लसूण घालून कोमट केलेले तेल घेऊन आल्या होत्या. पडद्यात नळी आहे, तेल आत उतरेल, हे त्यांना समजावण्यात एक संध्याकाळ गेली. सहाव्या दिवशी पोरगी स्वतः येऊन आडवी झाली आणि म्हणाली, “टाक आता.” तिने ‘टाक’ म्हटल्याशिवाय मी कधीच टाकले नाही. आमचा तसा ठरावच होता.

दहाव्या दिवशी तुमचे बूच घातले. तेही तिला विचारूनच घातले. “आई, टोचते, काढ!” म्हणत ती कोठीमागे जाऊन बसली. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी पाडून नागपूरला गेलो. कानाच्या तोंडाशी खरचटले आहे, पुन्हा सात दिवस थेंब टाका, असे डॉक्टर म्हणाले. आता ती बाटली पाहिली तरी दोन्ही हातांनी कान झाकते. बाहुलीलाही हात लावू देत नाही.

हे सगळे आज तुमच्या माणसाला सांगितले. तो म्हणाला, “मॅडम, मुलगी वळवळली असेल.” मी म्हटले, नाही, ती शांत बसली होती. तो म्हणाला, “मग दोघांनी धरा ना. एकाने हात, एकाने डोकं. लहान मुलं रडतातच.” मी साच्याच्या कडेबद्दल पुन्हा सांगितले. तो म्हणाला, “खेड्यात लोक कानात काडी घालतात, त्यानं झालं असेल.” मी गप्प राहिले, कारण मुलगी शेजारीच होती. मग त्याने कानाच्या आतला फोटो मागितला. कानाच्या आतला! घरच्या मोबाइलवर तो कसा काढायचा, हे विचारले तर उत्तर आले, “फोटोशिवाय पुढे जाणार नाही.” शेवटी म्हणाला, “तसंही तुमच्या पिनकोडवर पिकअप नाही.” याच पिनकोडवर तुमचा डबा पोचला होता, पैसेही याच पिनकोडवरून गेले.

दोघांनी धरा! ज्या पोरीला मी एकदाही धरले नाही, तिला धरायचा सल्ला लहान मुलांच्या कानांसाठी वस्तू विकणारी कंपनी देते. तुमच्या जाहिरातीतले हसरे मूल पाहूनच मी ही जोडी घेतली होती.

माझे म्हणणे असे आहे. पैसे परत करा, नागपूरच्या फेरीचा खर्च द्या आणि या साच्यातून निघालेला माल तपासा, कारण तो आणखी पोरांच्या कानांत जातो आहे. फोनवरच्या माणसांना ‘धरून ठेवा’ म्हणणे बंद करायला सांगा. १५ दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहते तिथेच दावा लावता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी लागत नाही.

जोडी डब्यासकट जपून ठेवली आहे, पोरीच्या नजरेला पडू नये म्हणून अगदी वरच्या फळीवर.

एक आई,
तालुका राळेगाव, जि. यवतमाळ