निर्यातीच्या रसायनांची सुरक्षितता गोदामापासूनच पाहावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

९ जून २०२५ रोजी कोलंबोहून न्हावा शेवाकडे येणाऱ्या ‘वान हाय ५०३’ या जहाजावर केरळच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात स्फोट होऊन आग लागली आणि २२ पैकी ४ खलाशी बेपत्ता झाले. त्याआधी जेमतेम दोन आठवडे ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज कोचीजवळ बुडाले होते आणि त्यावर, पाणी लागताच ज्वलनशील ॲसिटिलीन वायू सोडणाऱ्या कॅल्शियम कार्बाइडचे १२ कंटेनर होते. या अपघातांची कारणे ठरवणे हा चौकशी यंत्रणांचा विषय आहे, त्यावर मला काही म्हणायचे नाही. परंतु तळोजा औद्योगिक वसाहतीतल्या निर्यातदारांची कागदपत्रे मी गेली सतरा वर्षे हाताळतो आहे. अशा प्रत्येक बातमीनंतर जहाज, कप्तान आणि तटरक्षक दल यांची चर्चा होते, पण कारखान्याच्या गोदामात कंटेनर भरला जातो त्या तीन-चार तासांबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही, म्हणून हे पत्र.

धोकादायक माल समुद्रमार्गे नेण्यासाठी आयएमडीजी संहिता ही आंतरराष्ट्रीय नियमावली आहे आणि ती १ जानेवारी २००४ पासून बंधनकारक आहे. तिच्यात मालाचे नऊ वर्ग आहेत आणि प्रत्येक पदार्थाला चार आकडी यूएन क्रमांक आहे. हा क्रमांक आणि वर्ग निर्यातदाराने स्वतः सही करून घोषित करायचा असतो. कंटेनर डेकवर ठेवायचा की खाली, इंजिनाच्या उष्णतेपासून किती लांब, कोणत्या मालाशेजारी, हे सगळे त्या एका कागदावरून ठरते. जहाजावर कोणी सील तोडून आत डोकावत नाही. त्यामुळे कागद खोटा असेल, तर पुढची सगळी दक्षता व्यर्थ जाते.

आणि कागद खोटा होतो, कारण खरा कागद महाग पडतो. ‘हॅझ’, म्हणजे धोकादायक, म्हणून घोषित केलेल्या मालाला जादा भाडे लागते, शिपिंग लाइनची मंजुरी यायला दिवस जातात आणि काही लाइन असा माल घेतच नाहीत. छोट्या निर्यातदाराची ही अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. काही वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याचे थिनरसारखे मिश्रण आमच्याकडे आले. सोबतच्या सुरक्षा-पत्रकात, म्हणजे एमएसडीएसमध्ये, वाहतुकीच्या चौदाव्या विभागात ‘नियमन लागू नाही’ असे छापले होते, तर नवव्या विभागात त्याच मालाचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान, ४२ अंश सेल्सिअस दिले होते. फ्लॅश पॉइंट ६० अंशांपर्यंत असलेला द्रव ज्वलनशील वर्गात मोडतो, हे निदर्शनास आणून दिल्यावर उत्तर मिळाले, “साहेब, आजवर असाच जातोय.” आम्ही काम घेतले नाही. तो माल परत आमच्याकडे आला नाही, म्हणजे दुसऱ्या कोणाकडून तो ‘असाच’ गेला असावा.

आता प्रत्यक्ष भरण्याबद्दल. वीस फुटी कंटेनरमध्ये दोनशे लिटरचे सुमारे ८० ड्रम दोन थरांत बसतात. ट्रेलर दुपारी उशिरा लागतो, बंदराचा कट-ऑफ, म्हणजे कंटेनर आत घेण्याची शेवटची वेळ, रात्रीचा असतो, आणि ठेकेदाराची चार माणसे ड्रम गडगडवत आत नेतात. आत शिरून दार ओढून घ्यावे आणि छतातून कुठे उजेड दिसतो का ते पाहावे, फळीत वर आलेला खिळा ठोकून बसवावा, ही दोन मिनिटांची कामेही घाईत राहून जातात. प्लॅस्टिकच्या ड्रमवर महिन्यांचे आकडे आणि बाण असलेले छोटे गोल घड्याळ साच्यातच उमटवलेले असते. त्यावरून ड्रमचा जन्ममहिना कळतो आणि धोकादायक मालासाठी असा ड्रम सर्वसाधारणपणे पाच वर्षांपर्यंतच वापरता येतो. ते घड्याळ वाचता येणारा माणूस मला स्टफिंगच्या, म्हणजे कंटेनर भरण्याच्या, जागी क्वचितच भेटला आहे. दाराशी उरलेली पोकळी लाकडी आडव्यांनी आवळायच्या ऐवजी सुतळीने बांधून मोकळे होणारेही पाहिले आहेत. खवळलेल्या समुद्रात जहाज दोन्ही अंगांवर कलंडू लागले की त्या सुतळीचा काय टिकाव लागणार?

गळती किती महागात पडते हे २०२१ मध्ये ‘एक्स-प्रेस पर्ल’ या जहाजाने दाखवले. त्यावर २५ टन नायट्रिक ॲसिड होते आणि एका कंटेनरमधून ते गळत असल्याचे आगीच्या कित्येक दिवस आधी कळले होते. कतारच्या हमाद आणि गुजरातच्या हजीरा या दोन्ही बंदरांत तो कंटेनर उतरवून घेतला गेला नाही. २० मे रोजी कोलंबोजवळ आग भडकली, १,४८६ कंटेनरांसह जहाज गेले आणि श्रीलंकेच्या किनाऱ्यावर प्लॅस्टिकच्या दाण्यांचा खच पडला. एकदा कंटेनर गळू लागला की तो कोणालाच नको असतो.

मुंबईकरांना तर हे नव्याने सांगायला नको. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज उडाले, तेव्हा त्याच्या पोटात स्फोटके होती आणि कराचीत भरलेल्या कापसाच्या गासड्याही. त्या दिवसाच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी अग्निशमन सेवा सप्ताह पाळतो, आणि तरीही भाडे वाचवण्यासाठी आग भडकवणारे ऑक्सिडायझर व पेट घेणारे सॉल्व्हंट एकाच कंटेनरमध्ये बसतील का, असे मला आजही विचारले जाते.

किनाऱ्यावर असा माल हाताळणाऱ्यांचे प्रशिक्षण संहितेने २०१० पासून सक्तीचे केले आहे. प्रत्यक्षात ते घेतो कार्यालयातला व्यवस्थापक. वर्ग इंग्रजीत होतो, प्रमाणपत्र भिंतीवर लागते आणि ड्रमला हात लावणाऱ्याच्या कानावर त्यातले काहीही पडत नाही. नौवहन महासंचालनालय, बंदर प्राधिकरण आणि तळोजा, पाताळगंगा, महाड, लोटे येथील उद्योजक संघटनांनी मिळून स्टफिंग करणाऱ्या कामगारांसाठी मराठीत व हिंदीत, वर्गात नव्हे तर कंटेनरच्या दाराशी, दोन तासांचे प्रात्यक्षिक सुरू करावे. ‘बिगर-हॅझ’ म्हणून आलेले रासायनिक कंटेनर सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर तळावर, अधूनमधून उघडून पाहिले जावेत आणि खोट्या घोषणेचा दंड वाचवलेल्या भाड्याच्या कैक पट असावा, हीही विनंती. तळोज्यात असे पहिले प्रात्यक्षिक कोणी घेणार असेल, तर मुदत संपलेले दोन रिकामे ड्रम आणि लाकडी आडवे घेऊन मी स्वतः येईन.

आपला,
निर्यात कागदपत्रे पाहणारा एक कर्मचारी, पनवेल