बाबा, या सिनेमाला कानातलं मशीन लागत नाही

ती. बाबा आणि सौ. आई,
सा. न.

टीव्ही कितीही मोठा केला तरी तुम्हाला बोलणं उमगत नाही आणि मशीन डबीतच पडून असतं, असं आई म्हणाली. म्हणून पेन ड्राइव्हमधून एक मूकपट पाठवतोय. 'द सॅपहेड', 1920 सालचा, अमेरिकेतला. मधूनमधून येणाऱ्या इंग्रजी पाट्या मराठीत लिहून जोडल्यात. आई, पाटी आली की तू थांबवायचं, बाबा वाचतील.

न्यूयॉर्कच्या बड्या शेठजीचा मुलगा बर्टी, म्हणजे बस्टर कीटन. मोठ्या लांबीच्या सिनेमात नायक म्हणून त्याचा हा पहिलाच. आजकालच्या मुलींना वाह्यात पोरं आवडतात, असं पुस्तकात वाचून हा जुगाराच्या अड्ड्यावर जातो आणि धाड पडल्यावर आपल्याला अटक व्हावी म्हणून धडपडतो! बाप भडकून त्याला घराबाहेर काढतो, हातात दहा लाख डॉलरचा चेक देऊन. (तुम्ही मला काढलंत तेव्हा माझ्याकडे लातूर–पुणे एसटीचं तिकीट होतं. पैसे आईचे. आता सांगायला हरकत नाही.)

पुढे तो एक लाख डॉलर मोजून शेअरबाजारात जागा घेतो, म्हणजे तिथे सौदे करायचा हक्क. तिथून नीट बघा, अख्खा आपला धान्याचा मोंढा आहे. नव्या माणसाची टोपी उडवणारे दलाल, तोच कल्ला. बापाची चांदीची खाण आहे, 'हेन्रिएटा'. बाप गावात नाही हे बघून जावईच तिचे शेअर विकून भाव पाडत असतो. त्याच नावाच्या एका बाईचं लफडं जावयाने बर्टीच्या गळ्यात मारून त्याचं लग्न मोडलेलं, त्यामुळे बर्टीला वाटतं, हे सगळे 'हेन्रिएटा' ओरडून आपल्याला चिडवतायत. कुणीतरी सांगतं, जो हे नाव घेईल त्याला म्हण, 'घेतलं!' मग हा एकेकाच्या अंगावर धावून जातो. घेतलं! घेतलं! असे शेअर विकत घेतले गेल्याने बापाचं दिवाळं टळतं, आणि याला काही पत्ताच नाही.

मी हसत होतो, मग एकदम थांबलो. मी गादीवर बसलो नाही, आणि दुकान विकलंत त्या दिवशीही आलो नाही. सुट्टी मिळाली नाही असं सांगितलं होतं. मिळाली होती.

दिवाळीला येतोय, चार दिवस. बाजाराचा तो प्रसंग परत लावू. सौद्यात कीटनचं कुठे चुकलं ते तुम्ही सांगा.

तुमचा,
बाळू