साठ दिवस मागे पाहायला शिकवणाऱ्या डॉक्टरांस

आदरणीय डॉक्टर,

आमच्या वळूकडून भरवलेल्या गाई एकामागून एक उलटू लागल्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येऊ लागल्या, तेव्हा दोष गाईंचाच असणार असे आम्ही धरून चाललो होतो. वळू अंगाने भरलेला होता आणि माजावरच्या गाईवर उडी घेण्यात कुचराई करत नव्हता, त्यामुळे त्याच्याविषयी शंका घेण्याचे कुणाच्या मनातही आले नाही. आपण मात्र आधी त्याच्या वृषणांचा घेर मोजलात, ताप किंवा संसर्ग नाही याची खात्री केलीत, वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेत आणि औषधाची चिठ्ठी लिहिण्याऐवजी एवढेच विचारलेत, की याने हिरवा चारा शेवटचा कधी खाल्ला? त्या एका प्रश्नासाठी हे पत्र आहे, आणि वळू सांभाळणाऱ्या इतरांच्याही वाचनात यावे म्हणून ते उघडपणे लिहीत आहे.

उत्तर देताना आम्हाला संकोच वाटला, कारण कित्येक महिने त्याच्यापुढे फक्त जुनी, वाळलेली वैरण पडत होती. हिरव्या चाऱ्यातील कॅरोटीनपासून जनावराचे शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवते आणि ते कॅरोटीन वैरण उन्हात वाळताना व पुढे साठवणीत कमी होत जाते, हे आपण समजावून सांगितलेत. यकृतातील साठ्यावर काही महिने निभावत असल्यामुळे ही उणीव लगेच उघडी पडत नाही. वृषणातील शुक्रजनक पेशींना पुढच्या टप्प्यात जाण्यासाठी याच जीवनसत्त्वापासून तयार होणारे रेटिनोइक आम्ल लागते, आणि ते न मिळाल्यास त्या पेशींचा थरच झिजू लागतो. तिन्हीसांजेला वळू गोठ्यात ठेचकाळायचा, ते आम्ही वयावर ढकलले होते. रातांधळेपणा ही या उणिवेची जुनी खूण आहे हे आपण सांगितले नसते, तर आमच्या ध्यानातही आले नसते.

‘ई’ जीवनसत्त्वाबद्दल आपण अधिक सावधपणे बोललात. हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन बिशप यांना ते १९२२ साली उंदरांवरील प्रयोगांत सापडले आणि पुढे त्याला ‘अपत्य देणारे’ अशा अर्थाचे टोकोफेरॉल हे नाव मिळाले. बहुधा त्या नावामुळेच त्याच्याकडून वाजवीपेक्षा जास्त अपेक्षा ठेवली जात असावी. त्याचे खरे काम संरक्षणाचे आहे. शुक्राणूच्या आवरणात असंतृप्त स्निग्धाम्ले भरपूर असतात, ती ऑक्सिडीकरणाने लवकर खराब होतात आणि ‘ई’ जीवनसत्त्व खराब होण्याची ही साखळी मध्येच तोडते. त्याच्या जोडीला सेलेनियम हे खनिज लागते, परंतु सेलेनियमची गरजेची मात्रा आणि विषबाधेची मात्रा यांत अंतर थोडेच असल्याने दोन्ही एकत्र असलेले इंजेक्शन अंदाजाने टोचू नये, असे आपण बजावलेत. आम्ही ते आणून ठेवलेले होते, हे आता कबूल करतो.

‘क’ जीवनसत्त्वाची पावडर मात्र आपण हसून बाजूला ठेवलीत, कारण गाय-बैल ते आपल्या यकृतातच तयार करतात. ‘ब’ गटाचे बरेचसे काम कोटीपोटातील (पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातील) सूक्ष्मजीव सांभाळतात. ब१२ साठी चाऱ्यात कोबाल्ट हे खनिज असले म्हणजे झाले.

सर्वात मोठे ऋण आहे ते धीर धरायला लावल्याचे. वळूच्या वृषणात शुक्राणू तयार व्हायला सुमारे ६१ दिवस लागतात आणि अधिवृषणातून (वृषणाला लागून असलेल्या, शुक्राणू पक्व होणाऱ्या नळीतून) पुढे सरकायला आणखी ८ ते ११ दिवस, म्हणजे आज नळीत दिसणारे वीर्य दोन महिन्यांहून आधीच्या चाऱ्याचा हिशेब सांगत असते. हिरवा चारा सुरू केल्यावर पंधरा दिवसांनी आम्ही निराश होऊन आपल्याला बोलावले, तेव्हा आपण नमुना न घेताच परत गेलात. त्या दिवशी राग आला होता, त्याबद्दल क्षमा असावी. सत्तर दिवसांनंतरच्या तपासणीत शुक्राणूंची हालचाल सुधारलेली होती आणि वाकड्या शेपटीचे शुक्राणूही कमी दिसले.

वयात येण्याआधीच्या गोऱ्ह्यांमध्ये ही उणीव दीर्घकाळ राहिल्यास झालेले नुकसान पूर्ण भरून येईलच असे नाही, हे आपले शब्द लक्षात ठेवून आमच्या दोन्ही गोऱ्ह्यांना आता हिरव्या चाऱ्याचा पहिला वाटा मिळतो. वैरण कापल्याची तारीख आम्ही गंजीवर लिहून ठेवू लागलो आहोत. पुढच्या फेरीला आलात की ती नोंद पाहावी, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
एक पशुपालक